‘यार्न’ म्हटल्यावर ओ कोण देतं?

आमच्या प्रकल्पाच्या रीडमी फाइलमध्ये सेटअपबद्दल एकच ओळ होती : ‘नोड आणि यार्न टाका, मग यार्न इन्स्टॉल चालवा.’ (नोड म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम; यार्न म्हणजे पॅकेज मॅनेजर, प्रकल्पाला लागणारी इतरांनी लिहिलेली पॅकेजं उतरवणारा प्रोग्रॅम.) गटात नवा येणारा प्रत्येक जण ती ओळ प्रामाणिकपणे पाळायचा आणि प्रत्येकाच्या मशीनवर वेगळंच काहीतरी व्हायचं. कुणाची लॉकफाइल (पॅकेजांच्या व्हर्जनांची नोंद) वरपासून खालपर्यंत बदलून यायची, कुणाला कमांडच सापडायची नाही, कुणाला जावास्क्रिप्टशी काडीचाही संबंध नसलेला एरर दिसायचा. आम्ही सगळे फावल्या वेळात काम करणारे. पहिली संध्याकाळ सेटअपशी झुंजण्यात गेली, तर नवीन माणूस दुसऱ्या दिवशी फिरकत नाही. म्हणून त्या एका ओळीच्या जागी नीट सूचना लिहायचं काम मी अंगावर घेतलं आणि स्वतःला एक अट घातली : विंडोज, मॅकओएस आणि उबुंटू, तिन्हींच्या कोऱ्या मशीनवर स्वतः चालवून पाहिल्याशिवाय एकही कमांड लिहायची नाही.

ते करताना एक गोष्ट पक्की झाली. पॅकेज मॅनेजर इन्स्टॉल करणं म्हणजे शेवटी काही फाइली डिस्कवर नेऊन ठेवणं, आणि ते तिन्हीकडे चुटकीसरशी होतं. गाडी अडते ती नंतर. टर्मिनलमध्ये ‘यार्न’ हे नाव टाइप केल्यावर शेल, म्हणजे आपली कमांड वाचणारा प्रोग्रॅम, ‘पाथ’ या यादीतली फोल्डरं एकामागून एक धुंडाळतो आणि त्या नावाचा जो पहिला प्रोग्रॅम सापडेल त्याला पुढे करतो. तो तुम्हाला हवा असलेलाच यार्न असेल याची हमी कुणीच देत नाही. त्यामुळे ‘इन्स्टॉल झालं का?’ यापेक्षा ‘या नावाला ओ कोण देतं?’ हा प्रश्न आधी विचारायचा, ही माझी सगळ्या सूचनांमागची धारणा झाली.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी, कारण निम्मा घोळ तिथूनच येतो. नोड २००९मध्ये रायन डालने आणलं. पुढच्या वर्षी आयझॅक श्लूटरचं एनपीएम हे पॅकेज मॅनेजर आलं आणि लवकरच ते नोडच्या सोबतच मिळायला लागलं. ऑक्टोबर २०१६मध्ये फेसबुकने गूगल, एक्स्पोनंट आणि टिल्ड यांच्या साथीने यार्न जाहीर केलं. त्याचं मोठं आकर्षण म्हणजे लॉकफाइल : प्रत्येक पॅकेजचं नेमकं कोणतं व्हर्जन घेतलं याची नोंद, म्हणजे सगळ्यांच्या मशीनवर तेच उतरेल. एनपीएमने अशी फाइल आपल्या पाचव्या आवृत्तीत, २०१७मध्ये आणली. जानेवारी २०२०मध्ये यार्नची दुसरी आवृत्ती आली आणि ती आतून इतकी बदललेली होती, की पहिल्या आवृत्तीला तेव्हापासून ‘क्लासिक’ म्हणतात.

खरी गाठ इथे आहे. एनपीएमला ‘यार्न ग्लोबल टाक’ (एका प्रकल्पापुरतं नाही, मशीनभर) असं सांगितलं, तर ते आजही १.२२ मालिकेतलं क्लासिक उतरवतं. आमचा प्रकल्प चौथ्या आवृत्तीवर आहे. दोन्हींची लॉकफाइल एकाच नावाची, पण आतली मांडणी वेगळी. क्लासिकने ती फाइल पुन्हा लिहिली, की हजारो ओळींचा फरक दिसतो आणि त्यात खरा बदल कोणता हे कुणालाच कळत नाही. एरर काहीच येत नाही, म्हणून हा प्रकार सगळ्यात त्रासदायक.

सुरुवात उबुंटूपासून केली. कोऱ्या मशीनवर मुद्दाम काहीही न टाकता ‘यार्न’ टाइप केलं, कारण नवीन माणूस तेच करतो. माझ्यासमोरच्या आवृत्तीने उत्तर दिलं, की ही कमांड सापडली नाही, पण ‘सीएमडीटेस्ट’ नावाचं पॅकेज टाकलंत तर मिळेल. सल्ला मानला. कमांड मिळाली, चाललीसुद्धा. आणि म्हणाली, की एकही ‘सिनॅरिओ’ सापडला नाही, किमान एक तरी हवा. आमच्या गटातल्या लोकांना दिसणारा तो कोड्यात टाकणारा एरर हाच. सीएमडीटेस्ट हा कमांड लाइनच्या प्रोग्रॅमांच्या चाचण्या घ्यायचा संच आहे आणि त्यातल्या एका प्रोग्रॅमचं नाव यार्न आहे. जावास्क्रिप्टवाल्या यार्नच्या आधीपासून तो डेबियनमध्ये आहे. उबुंटू डेबियनवर उभं, म्हणून तिथेही तेच. यात कुणाची चूक नाही. जो आधी आला त्याने ते नाव घेतलं. डेबियनच्या भांडारात आपला यार्न ‘यार्नपीकेजी’ या नावाने मिळतो. एनपीएमने टाकलेलं क्लासिक मात्र ‘यार्न’ आणि ‘यार्नपीकेजी’ अशा दोन्ही नावांना ओ देतं. याच नावाचा आणखी एक वाटेकरी आहे. अपाची हडूपमध्ये यार्न नावाचा भाग आहे आणि त्याची कमांडही हीच. मोठ्या डेटावर काम करणाऱ्या कुणी आमच्यात यायचं ठरवलं, तर त्याच्या मशीनवर हाच गुंता होणार.

नावांची ही भांडणं नोडलाही चुकली नाहीत. हौशी रेडिओवाल्यांचा ‘नोड’ नावाचा एक प्रोग्रॅम डेबियनमध्ये आधीपासून होता. प्रकरण तांत्रिक समितीपर्यंत गेलं आणि २०१२मध्ये असं ठरलं, की जावास्क्रिप्टवाल्याने ‘नोडजेएस’ या नावाने राहावं. ती अडचण पुढे सुटली, पण त्या काळातल्या सूचना अजून जागोजागी सापडतात आणि लोक त्या तशाच उतरवून घेतात. मी आमच्या सूचनांवर तारीख टाकली आहे, ती यासाठी.

उबुंटूवर नोड कुठून आणायचं याचा मी बराच विचार केला. सिस्टिमच्या भांडारातून एनपीएम मागवलं, तर सोबत शेकडो छोटी पॅकेजं येतात, कारण डेबियनच्या शिस्तीत प्रत्येक लायब्ररी स्वतंत्र पॅकेज असते. ती शिस्त सर्व्हर सांभाळणाऱ्यांना उपयोगी आहे, मला तिच्याबद्दल आदर आहे. पण भांडारातलं नोडचं व्हर्जन वितरणाच्या आवृत्तीला बांधलेलं राहतं आणि आम्हाला त्याहून नवीन लागत होतं. शिवाय ग्लोबल पॅकेज टाकताना परवानगी नाकारल्याचा एरर येतो, कारण ते फोल्डर रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या मालकीचं असतं. मग हात आपोआप ‘सुडो’कडे, म्हणजे रूटच्या अधिकाराने कमांड चालवण्याकडे जातो. मी सूचनांमध्ये सुडो कुठेही येऊ दिलं नाही. पॅकेज उतरताना त्याच्या स्वतःच्या स्क्रिप्ट चालू शकतात. त्यांच्या हाती मशीनचे सर्वाधिकार कशाला द्यायचे? आणि सुडोने लिहिलेल्या फाइली रूटच्या मालकीच्या झाल्या, की पुढे साध्या कामालाही सुडो लागत राहतं.

म्हणून एनव्हीएम हे नोडची व्हर्जन सांभाळणारं साधन निवडलं. ते तुमच्या होम फोल्डरमध्ये राहतं, नोडची हवी तितकी व्हर्जन शेजारी शेजारी ठेवतं आणि परवानगीचा प्रश्नच येऊ देत नाही. त्याच्या दोन सवयी मात्र आधीच सांगून ठेवलेल्या बऱ्या. पहिली म्हणजे एनव्हीएम ही प्रोग्रॅमची फाइल नाही. ते शेलमध्ये भरलेलं एक फंक्शन आहे. त्यामुळे ‘व्हिच’ या प्रोग्रॅमचा पत्ता सांगणाऱ्या कमांडला ‘व्हिच एनव्हीएम’ असं विचारलं तर काहीच हाती लागत नाही आणि लोक समजतात, की इन्स्टॉल फसलं. ‘कमांड’ या कमांडला ‘व्ही’ पर्याय देऊन विचारायचं, मग उत्तर मिळतं. दुसरी म्हणजे ग्लोबल पॅकेजं नोडच्या त्या त्या व्हर्जनखाली जातात. नोड बदललं, की काल चालणारी कमांड आज गायब. ती हरवलेली नसते, दुसऱ्या व्हर्जनच्या फोल्डरमध्ये शांत बसलेली असते.

आणखी एक बारकावा. उबुंटूचा शेल, बॅश, एकदा सापडलेल्या कमांडचा पत्ता लक्षात ठेवतो. तुम्ही नवीन यार्न दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकलात, तरी त्याच टर्मिनलमध्ये तो जुन्याच पत्त्यावर जाऊ शकतो. ‘हॅश’ कमांडला ‘आर’ पर्याय दिला, की ती आठवण पुसली जाते. नवीन टर्मिनल उघडलं तरी चालतं. आमच्या सूचनांमध्ये जिथे जिथे काही टाकायचं आहे, तिथे पुढची ओळ ‘टर्मिनल बंद करून नवीन उघडा’ अशी आहे. वाचणाऱ्याला ते पुन्हापुन्हा सांगितल्यासारखं वाटेल, पण ती ओळ मी काढणार नाही.

मॅकवर काम लवकर झालं. २०१९च्या कॅटालिनापासून तिथला मूळ शेल झेडशेल आहे, म्हणून जुन्या सूचनांमधल्या ‘बॅश प्रोफाइल’च्या जागी ‘झेडएसएचआरसी’ फाइल लिहायची. एनव्हीएम इथेही तसंच चालतं. पाहायचं ते एकच : मशीन ॲपलच्या स्वतःच्या चिपवर असेल, तर होमब्रू (मॅकवर प्रोग्रॅम टाकायचं साधन) ‘/ऑप्ट/होमब्रू’मध्ये राहतं आणि इंटेलवर असेल तर ‘/यूएसआर/लोकल’मध्ये. जुन्या इंटेल मॅकवरून सगळं नवीन मशीनवर हलवलेल्यांकडे दोन्ही सापडू शकतात आणि मग पाथमध्ये आधी कोण आहे त्यावर सगळं ठरतं. इंटेलचं नोड रोझेटाच्या (इंटेलचे प्रोग्रॅम ॲपल चिपवर चालवणाऱ्या सोयीच्या) आधाराने चालतं, त्यामुळे कळतही नाही; फक्त पुढे एखादं पॅकेज आपली बायनरी, म्हणजे चिपसाठी तयार केलेली फाइल, चुकीच्या चिपसाठी उतरवतं. नोडला ‘प्रोसेस डॉट आर्च’ विचारलं, की दुसऱ्या सेकंदाला उत्तर मिळतं. ॲपल चिपसाठी नोडच्या अधिकृत तयार फाइली सोळाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१पासून मिळतात; त्याआधीचं नोड वापरणाऱ्या जुन्या प्रकल्पांत इंटेलचं नोड दिसलं, तर ते साहजिक आहे.

विंडोजला मी सगळ्यात जास्त वेळ दिला, कारण आमच्यातले बहुतेक नवखे विंडोजवरच असतात आणि त्यांच्यासाठी लिहिलेल्या सूचना बऱ्याचदा मॅकच्या सूचनांना ठिगळ लावल्यासारख्या असतात. नोडचा इन्स्टॉलर तिथे सगळं नीट करतो, पाथमध्ये स्वतःचं नावही लिहितो. पण आधीपासून उघड्या असलेल्या खिडकीला तो नवीन पाथ दिसत नाही. व्हीएस कोड या एडिटरच्या आतलं टर्मिनल बंद करून पुन्हा उघडणं पुरत नाही. ते टर्मिनल पाथ घेतं व्हीएस कोडकडून, आणि व्हीएस कोड सुरू झाला तेव्हा पाथ जुना होता. अख्खा व्हीएस कोड बंद करायचा.

मग पॉवरशेल, विंडोजचा नवा शेल. तिथे ‘एनपीएम’ टाइप केल्यावर लाल अक्षरांत येतं, की या सिस्टिमवर स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे. नवखा माणूस इथे घाबरतो, त्याला वाटतं मशीनला काही झालं. कारण सरळ आहे. एनपीएमच्या एकेका कमांडीच्या विंडोजवर अनेक फाइली उतरतात. त्यातल्या दोन इथे महत्त्वाच्या : ‘सीएमडी’ शेपटाची एक, ‘पीएस१’ शेपटाची दुसरी. पॉवरशेल दुसरी उचलतो आणि सर्व्हर सोडून विंडोजच्या नेहमीच्या आवृत्त्यांवर स्क्रिप्ट मुळात बंद असतात. तीच कमांड जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये बिनबोभाट चालते, कारण तिथे पहिली फाइल ओ देते. उपाय म्हणून ‘सेट-एक्झिक्युशनपॉलिसी’ने धोरण ‘रिमोटसाइन्ड’ करायचं, आणि तेही ‘करंटयूजर’पुरतं. ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा असंही काही जण सुचवतात; मी ते सूचनांमध्ये घेतलं नाही. एका कमांडसाठी सगळं दार उघडं टाकायची गरज नाही.

‘ओ कोण देतं’ हे विचारायची पद्धतही विंडोजवर वेगळी. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हेअर यार्न’ चालतं. पॉवरशेलमध्ये तेच टाइप केलं, तर काहीच छापलं जात नाही, कारण तिथे ‘व्हेअर’ हे दुसऱ्याच कमांडचं टोपणनाव आहे. ‘व्हेअर डॉट ईएक्सई’ असं पूर्ण लिहायचं, किंवा ‘गेट-कमांड’ वापरायचं. मॅक आणि लिनक्सवर ‘टाइप’ला ‘ए’ पर्याय दिला, की त्या नावाचे सगळे वाटेकरी क्रमाने दिसतात. मला तीच कमांड सगळ्यात आवडते, कारण ती पहिल्यावर थांबत नाही, मागे रांगेत कोण उभं आहे तेही दाखवते.

विंडोजवरच डब्ल्यूएसएल वापरणाऱ्यांसाठी वेगळा भाग लिहावा लागला. डब्ल्यूएसएल म्हणजे आत खरंखुरं लिनक्स, पण विंडोजचा पाथ त्याच्या पाथच्या शेपटाला जोडलेला असतो. आत नोड टाकलेलं नसेल, तर ‘एनपीएम’ म्हटल्यावर बाहेरच्या विंडोजवरचं एनपीएम ओ देतं. ‘व्हिच’ने दाखवलेला पत्ता ‘/एमएनटी/सी’ने सुरू होत असेल, तर समजायचं, की आपण लिनक्समध्ये बसून विंडोजचं एनपीएम चालवतोय. मग ‘ईएसबिल्ड’सारखं पॅकेज विंडोजची बायनरी आणून ठेवतं आणि पुढे आत नोड टाकलं, तरी लिनक्सच्या त्या नोडला ती चालवता येत नाही. उपाय असा : आत एनव्हीएमने स्वतंत्र नोड टाकायचं, प्रकल्प लिनक्सच्या बाजूच्या होम फोल्डरमध्ये ठेवायचा आणि ‘नोड मॉड्यूल्स’ फोल्डर एकीकडून दुसरीकडे कधीच कॉपी करायचं नाही. लिनक्सच्या बाजूला ठेवल्याने इन्स्टॉलही बरंच लवकर होतं, कारण दोन फाइल सिस्टिमच्या मधली ये-जा वाचते.

एवढं झाल्यावर तिन्ही मशीनवर नोड आणि एनपीएम व्यवस्थित होतं. यार्नचं काय? सगळीकडे चौथी आवृत्ती कशी आणायची? पहिला पर्याय कोअरपॅक, म्हणजे पॅकेज मॅनेजरांची व्हर्जन सांभाळणारं साधन. नोड १६.९पासून ते नोडसोबत यायला लागलं. ‘कोअरपॅक एनेबल’ केलं, की ते नोडशेजारी ‘यार्न’ आणि ‘पीएनपीएम’ (आणखी एक पॅकेज मॅनेजर) नावाच्या छोट्या फाइली ठेवतं. तुम्ही यार्न म्हटलंत की ते पॅकेज डॉट जेसन या प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमधली ‘पॅकेजमॅनेजर’ ही नोंद वाचतं आणि तेच व्हर्जन उतरवून चालवतं. कल्पना मला मनापासून पटते. पॅकेज मॅनेजरचं व्हर्जन ही प्रकल्पाची बाब आहे, मशीनची नाही, हे तिने सगळ्यांच्या डोक्यात रुजवलं. पण आमच्या कामासाठी तिच्या वाटेत खड्डे होते. विंडोजवर नोड ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये असतं, तिथे लिहायला प्रशासकाचे अधिकार लागतात. २०२५च्या सुरुवातीला एनपीएम रजिस्ट्रीच्या (पॅकेजांच्या ऑनलाइन भांडाराच्या) सहीच्या किल्ल्या बदलल्या, तेव्हा जुनी कोअरपॅक पॅकेज मॅनेजर उतरवायला नकार देत होती, ०.३१ आवृत्तीने ते सुटलं. आणि नोडच्या पंचविसाव्या आवृत्तीपासून कोअरपॅक सोबत येतच नाही, वेगळं टाकावं लागतं. मशीनवर आधीच ग्लोबल यार्न असेल, तर त्याच नावाची फाइल आहे म्हणून एनपीएम अडून बसतं, ते निराळंच.

आम्ही दुसरी वाट घेतली. आधुनिक यार्न ही मुळात एकच जावास्क्रिप्ट फाइल आहे, काही एमबींची. ती ‘.यार्न/रिलीजेस’ फोल्डरमध्ये ठेवून थेट रिपॉझिटरीत कमिट केली आणि ‘.यार्नआरसी.वायएमएल’मध्ये ‘यार्नपाथ’ने तिच्याकडे बोट दाखवलं. आता मशीनवर १.२२ क्लासिक असलं तरी बिघडत नाही. ते सुरू होतं, यार्नपाथ वाचतं आणि सूत्रं आमच्या फाइलकडे सोपवून बाजूला होतं. विंडोजवर गिट ओळींची शेपटं बदलून ही फाइल वेगळी करू नये, म्हणून ‘गिटॲट्रिब्यूट्स’मध्ये ती बायनरी म्हणून नोंदवली. एवढी मोठी फाइल गिटमध्ये ठेवण्यावर गटात एकाने आक्षेप घेतला. आक्षेप रास्त होता. प्रत्येक अपग्रेडला इतिहास फुगणार हे खरं आहे. तरीही मी आग्रह धरला. नवीन माणसाच्या पहिल्या संध्याकाळीपुढे काही एमबी मला जड वाटत नाहीत, आणि अपग्रेड आम्ही उठसूट करत नाही.

पीएनपीएम का नाही, असंही कुणीतरी विचारलं, म्हणून तेही तिन्हीकडे टाकून पाहिलं. इन्स्टॉलच्या बाबतीत ते सगळ्यात सुटसुटीत वाटलं. त्याच्या स्वतंत्र स्क्रिप्टला आधी नोड असण्याचीही गरज नाही, ते होम फोल्डरमध्ये बसतं आणि दहाव्या आवृत्तीपासून ‘पॅकेजमॅनेजर’ची नोंद वाचून स्वतःचं व्हर्जन आपणहून बदलतं. पॅकेजं एकाच साठ्यात ठेवून प्रकल्पात हार्ड लिंक करतं, त्यामुळे जागाही वाचते. फक्त साठा आणि प्रकल्प एकाच ड्राइव्हवर हवेत, नाहीतर लिंकऐवजी कॉपी होते. नवीन प्रकल्प असता, तर मी तेच सुचवलं असतं. आमचा प्रकल्प यार्नवर स्थिरावलेला आहे, म्हणून तो बदल सध्या नाही.

नव्या रीडमीत आता तिन्ही सिस्टिमसाठी वेगवेगळे भाग आहेत. लिनक्सचा सगळ्यात लहान, विंडोजचा सगळ्यात मोठा. शेवटचा भाग मात्र सगळ्यांना सारखा : ‘यार्न इन्स्टॉल’ झाल्यावर गिट स्टेटस पाहा. लॉकफाइल बदललेली दिसली तर कमिट करू नका, गटावर विचारा आणि विचारताना नोडचं व्हर्जन, प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये उभं राहून विचारलेलं यार्नचं व्हर्जन आणि ‘टाइप’ किंवा ‘गेट-कमांड’ने दाखवलेली पूर्ण यादी सोबत चिकटवा. यादीत वरून पहिलं काय आहे ते पाहूनच आम्ही उत्तर द्यायला सुरुवात करू.